भडका उडण्याआधीचे तास: किशोरवयीन मुलांच्या निवासी केंद्रात काय बदलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: १३ ते १७ वयाच्या १२ मुलांचं निवासी केंद्र. घरी, शाळेत, रस्त्यावर भांडणं, चोऱ्या, नशा, पळून जाणं अशा कारणांनी आलेली मुलं. नियम भिंतीवर लावलेले आहेत, चांगल्या वागण्याला गुण आणि गुणांवर सवलती अशी पद्धत आहे, समुपदेशक येतात. तरीही संध्याकाळी मारामाऱ्या होतात, काचा फुटतात, अधूनमधून कुणीतरी पळून जातं आणि कर्मचारी टिकत नाहीत. नेमकं काय बदलायचं?

मुलांना बदलायच्या योजनेला हात घालण्याआधी दिवसाची घडी बदला, हे माझं उत्तर. आठवड्याचे १६८ तास असतात, त्यातले समुपदेशकाबरोबर एका मुलाचे फार तर दोन जातात. उरलेल्या तासांत तो उठतो, अंघोळीच्या रांगेत उभा राहतो, जेवतो, फोनची वाट बघतो, टीव्हीवरून भांडतो आणि रात्री अंधारात एकटा अंथरुणावर पडतो. बहुतेक भडके याच तासांत, त्याच त्या जागी आणि त्याच त्या कारणांनी उडतात.

सुरुवात घटनांच्या रजिस्टरपासून करा. गेल्या दोन महिन्यांच्या नोंदी घ्या. मोठ्या कागदावर आडवे दिवसाचे तास आणि उभ्या जागा मांडा: जेवणघर, जिना, टीव्हीची खोली, झोपायच्या खोल्या, बाथरूमबाहेरचा बोळ, मैदान. प्रत्येक घटनेचा एक ठिपका, आणि शेजारी त्या वेळी शिफ्टवर कोण होतं त्याचं आद्याक्षर. हे कर्मचाऱ्यांना पकडण्यासाठी चाललेलं नाही, असं बैठकीत आधीच स्पष्ट सांगा. नाहीतर पुढच्या महिन्यात नोंदीच कमी होतील आणि तुम्हाला वाटेल, केंद्र सुधारलं. ठिपके सहसा चार ठिकाणी दाटतात: शाळेतून परत आल्यानंतरचा पाऊण तास, शिफ्ट बदलण्याची वेळ, रात्रीचं जेवण ते झोप, आणि भेटीच्या दिवशी नातेवाईक निघून गेल्यावरची संध्याकाळ.

मग ज्या दोन-तीन मुलांचे ठिपके सगळ्यात जास्त, त्यांच्यासाठी १४ दिवस वेगळी नोंद ठेवा. तीन रकाने पुरतात: आधी काय झालं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. पहिला रकाना लिहायला लोक चुकतात. 'मुद्दाम उद्धटपणा केला' ही नोंद नव्हे, तो निकाल झाला. नोंद अशी हवी: 'आईचा फोन ७ ला यायचा होता, आला नाही. ९:१० ला न सांगता टीव्ही बंद केला. त्याने रिमोट फेकला.' तिसरा रकाना त्याहून महत्त्वाचा. रिमोट फेकल्यावर त्याला काय मिळालं? तीन मोठी माणसं धावत आली, अभ्यास टळला, की रात्रभर एकट्याला खोली मिळाली? जे मिळालं, त्याची त्याला खरोखर गरज असण्याची शक्यता दाट असते. ती गरज तोडफोड न करता कशी भागेल, हे शोधणं हेच तुमचं काम.

एक उदाहरण जवळून बघू. १४ वर्षांचा मुलगा रोज झोपायच्या वेळी वाद उकरून काढतो, दाराला लाथा मारतो, शेजारच्या पलंगावरच्या मुलाला डिवचतो. रजिस्टरमध्ये 'झोपण्यास नकार' एवढंच. १४ दिवसांच्या नोंदीत दिसतं की सकाळी चादर बदलायला तो कुणाला हात लावू देत नाही आणि पांघरूण दुमडून कपाटात कोंबतो. मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो आणि ते इतरांना कळू नये म्हणून झोपच लांबवतो. याला शिस्तीचा उपाय लागू पडणार नाही. गादीला जलरोधक कव्हर घाला (सगळ्यांच्याच गाद्यांना, म्हणजे एकटा वेगळा दिसत नाही), त्याच्याच कपाटात दोन जादा चादरी आणि एक झाकणाची पिशवी ठेवा, सकाळी इतर उठायच्या आधी ती पिशवी काही न बोलता मशीनमध्ये जाईल अशी सोय करा आणि डॉक्टरांना दाखवा. बद्धकोष्ठ, काही औषधं, मधुमेह, झोपेत श्वास अडकणं आणि पूर्वीचा अत्याचार, यांपैकी काहीही कारण असू शकतं. सोय झाली की दाराला लाथा मारायचं कारणच उरत नाही.

यातूनच पुढचा मुद्दा येतो: वागणुकीची फाइल उघडण्याआधी शरीराची तपासणी करा. प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात डोळे, कान, दात, झोप, वजन आणि डोक्याला पूर्वी कधी मार लागला होता का, एवढं बघितलंच पाहिजे. आणि भाषा. गुन्ह्यांच्या प्रकरणांत अडकलेल्या मुलांवरच्या अनेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास मुलांना भाषा समजण्यात किंवा मांडण्यात स्पष्ट अडचण आढळली आहे. असा मुलगा गप्पा छान मारतो, शिव्या अस्खलित देतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण 'वर जाऊन बॅग ठेव, कपडे बदल, खाली येताना वही आण आणि हात धुऊन जेवायला बस' या वाक्यातलं त्याला पहिलं आणि शेवटचंच ऐकू येतं. मग 'सांगितलेलं ऐकत नाही' असा शेरा पडतो. एका वेळी एक सूचना द्या, ती पूर्ण झाली की दुसरी. दिनक्रम भिंतीवर चित्रांसह लावा. १६ वर्षांच्या मुलालाही त्यात कमीपणा वाटत नाही, फक्त सगळ्यांसाठी एकच तक्ता हवा.

झोपेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण केंद्रांमध्ये हा विषय सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. पौगंडावस्थेत शरीराचं घड्याळ एक ते दोन तास पुढे सरकतं, झोप उशिरा येते. आणि या वयात ८ ते १० तास झोप लागते. 'मुलांना वळण लागावं' म्हणून पहाटे पाचला उठवून कवायत घेणारी केंद्रं मुलांना रोज दोन-तीन तासांच्या झोपेच्या उधारीवर ठेवतात आणि मग दिवसभर त्यांच्या चिडचिडीशी झगडतात. उठण्याची वेळ शाळेला पोचता येईल इतकी उशिरा ठेवा. झोपेआधीचा दीड तास ठरलेला असू द्या: मोठ्या आवाजाचे खेळ बंद, दिवे मंद, खाणं मिळेल, अंघोळ करता येईल, फोन एका ठरलेल्या ठिकाणी चार्जिंगला. मग एकच केअरटेकर प्रत्येक खोलीत जाऊन प्रत्येक मुलाजवळ चार-पाच मिनिटं बसतो. उपदेश नाही, हिशोब नाही. 'उद्या काय आहे तुझं?' एवढं पुरतं. १२ मुलांना याला तास जातो. तो तास पगारी वेळेत धरा, उरकायचं काम म्हणून नको. ज्या मुलांवर रात्रीच्या वेळी अत्याचार झाले आहेत त्यांना अंधार, बंद दार आणि पावलांचा आवाज यांची भीती असू शकते. बोळातला दिवा चालू ठेवा, खोलीत डोकावणार असाल तर त्याला आधी सांगून ठेवा. रात्रपाळीवरचा माणूस जागाच हवा. त्याच्या फेऱ्या दर तासाला घड्याळाच्या काट्यावर नसाव्यात, कारण दोन दिवसांत मुलांना वेळापत्रक पाठ होतं. स्वतःला इजा करण्याचा धोका असलेल्या मुलाची देखरेख किती वेळाने करायची, हे त्याला तपासणारे मानसोपचारतज्ज्ञ लेखी ठरवतील.

शिफ्ट बदलाची वेळ रात्री ८ किंवा ९ असेल तर ती हलवा. नेमक्या त्या वेळी मुलांना माणसं लागतात आणि माणसं ऑफिसात रजिस्टर लिहीत बसलेली असतात. दोन्ही शिफ्टमध्ये अर्धा तास सामाईक ठेवा, त्यात एक माणूस कायम मुलांमध्ये. काम पुढच्या शिफ्टकडे सोपवताना प्रत्येक मुलाबद्दल तीन गोष्टी सांगा: आज काय घडलं, तो आत्ता कसा आहे, त्याला काय कबूल केलं आहे जे पुढच्या शिफ्टने करायचं आहे. तिसरी गोष्ट राहून जाते, आणि दिलेला शब्द मोडणं हे या मुलांच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतं. 'उद्या चप्पल बघू' असं एकाने म्हटलं आणि दुसऱ्या दिवशीच्या माणसाला पत्ताच नाही, तर मुलाच्या हिशोबी तुम्ही खोटं बोललात.

आता गुणांची पद्धत. तुमच्याकडे ती चालत नाही याचं मला नवल वाटत नाही. गुणांवर चालणाऱ्या निवासी घरांचा एक नावाजलेला नमुना १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स इथे 'अचिव्हमेंट प्लेस' नावाने उभा राहिला. तिथे एक दांपत्य मोजक्या मुलांबरोबर घरातच राहायचं. गुण हा त्या व्यवस्थेचा एक भाग होता. 'नाही' ऐकल्यावर काय करायचं, टीका कशी ऐकायची, मदत कशी मागायची, ही कौशल्यं प्रात्यक्षिक करून शिकवणं हा दुसरा, आणि घराचे निर्णय मुलांबरोबर बसून घेणं हा तिसरा. नक्कल करणाऱ्यांनी बाकीचं सगळं सोडून फक्त गुणांचा तक्ता उचलला. मग होतं काय? सोमवारी सकाळी दहाच्या आत मुलगा आठवड्याचे सगळे गुण गमावतो. आता शुक्रवारपर्यंत त्याच्याकडे गमावण्यासारखं काही नाही आणि तुमच्याकडे देण्यासारखं काही नाही.

तक्ता ठेवायचाच असेल तर मिळवलेले गुण काढून घेऊ नका आणि हिशोब रोज नव्याने सुरू करा. जेवण, नाश्ता, झोप, अंघोळ, घरचा फोन, भेट, शाळा, बाहेर हिंडणं आणि उपचार या गोष्टी गुणांवर कधीच टांगू नका. घरच्यांशी संपर्क ही शिक्षा म्हणून तोडायची नाही, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनविषयक (म्हणजे आईवडिलांपासून दूर वाढणाऱ्या मुलांबद्दलच्या) मार्गदर्शक तत्त्वांतही स्पष्ट लिहिलेलं आहे. अन्नाबद्दल तर सांगायलाच नको. उपाशी राहिलेली मुलं उशीखाली, कपाटात खाणं लपवतात. त्यावर ओरडण्यापेक्षा त्याच्या नावाचा झाकणाचा डबा ठेवा, त्यात टिकणारं खाणं भरा आणि रात्रीही ते मिळेल असं सांगा. लपवणं कमी व्हायला काही आठवडे लागतील.

शिक्षा छोटी, लगेचची आणि चुकीशी जोडलेली हवी. २४ तासांपलीकडे जाऊ नये. काच फोडली तर दुरुस्तीच्या माणसाबरोबर चौकट पुसायला, मोजमाप घ्यायला त्याला उभं करा. दुसऱ्याचा शर्ट फाडला तर तो शिवायला किंवा बदलून द्यायला मदत. 'दोन आठवडे खेळ बंद' या शिक्षेचं कारण मुलगा चौथ्या दिवशी विसरलेला असतो, त्याच्या ध्यानात फक्त तुमचा राग उरतो. आणि एका टोकण्यामागे किमान चार वेळा काहीतरी नेमकं चांगलं बोललं जातंय का, ते मोजा. 'शाबास' मोजू नका. 'भांडण चालू होतं तेव्हा तू उठून बाहेर गेलास, ते मी बघितलं', हे मोजा.

एवढं करूनही भडके उडतील. भडका चढत असताना मुलाला लांब वाक्यं कळत नाहीत, म्हणून त्या वेळचं वागणं प्रत्येक कर्मचाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं हवं. बोलणार एकच माणूस, शक्यतो मुलाचं ज्याच्याशी सगळ्यात बरं जमतं तो. दुसरा बाकीच्या मुलांना तिथून हलवतो, कारण बघे असले की माघार घेणं म्हणजे नाक कापून घेणं. दीड हात अंतर ठेवा, समोरासमोर छाती काढून उभं न राहता जरा तिरकं, हात मोकळे आणि दिसतील असे. त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभं राहू नका. आवाज त्याच्यापेक्षा खाली आणि सावकाश. बोलणं साधारण असं:

'समीर, तू खूप चिडलायस. मी इथेच आहे.'

मग गप्प. मनात दहापर्यंत मोजा. ही शांतता नव्या कर्मचाऱ्यांना सोसत नाही, ते बोलत सुटतात.

'दादा, त्याला सांगा आधी. तो माझ्या आईवरून बोलला.'

'आईवरून बोलला. राग येणारच. बाहेर पायरीवर बसायचं, की तुझ्या खोलीत? मी येतो बरोबर.'

दोन पर्याय, दोन्ही तुम्हाला मान्य असलेले. 'का केलंस?' विचारू नका, त्या क्षणी ते आरोपासारखंच लागतं. 'शांत हो' म्हणू नका, गुणांची धमकी देऊ नका, मागचं उकरू नका, खांद्यावर हात ठेवू नका. पूर्वी मार खाल्लेल्या मुलाला प्रेमाने ठेवलेला हातही पकडायला आल्यासारखा वाटतो. भडका ओसरल्यावर मुलगा थकतो, कधी रडतो, कधी झोपतो. शरीर पूर्ववत व्हायला तासभर किंवा त्याहून जास्त लागतो, आणि त्या तासात कुणी समजावायला बसलं की दुसरा भडका ठरलेला. पाणी द्या, खायला द्या, जवळ बसा.

बोलणं नंतर, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि जो तिथे हजर होता त्यानेच. बालमानसतज्ज्ञ फ्रिट्झ रेडल यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये पायोनियर हाउस या निवासी घरात अतिशय आक्रमक मुलांबरोबर काम केलं. घटनेवरचं बोलणं रोजच्या जगण्याच्या जागीच, त्या मुलाबरोबर राहणाऱ्या माणसाने करावं, समुपदेशकाच्या खोलीसाठी राखून ठेवू नये, हा त्यांच्या कामाचा गाभा, आणि तो आजही तितकाच लागू आहे. चार प्रश्न पुरतात: आधी काय झालं, शरीरात सगळ्यात पहिलं काय जाणवलं (मुठी, कान तापणं, पोटात गोळा), पुढच्या वेळी त्या टप्प्यावर काय करता येईल, आणि जे मोडलं ते नीट कसं करायचं. उत्तरं त्याच्याच शब्दांत कागदावर लिहा. हाच कागद पुढे त्याची सुरक्षा-योजना होतो, आणि तो प्रत्येक शिफ्टला माहीत असायला हवा.

जखडून धरण्याविषयी मी कडक बोलणार आहे, कारण यात मुलं मरतात. १९९८ मध्ये 'हार्टफर्ड कुरंट' या अमेरिकी वृत्तपत्राने मनोरुग्णालयं आणि निवासी केंद्रांत जखडून किंवा कोंडून ठेवताना आणि त्यानंतर लगेच झालेल्या १४२ मृत्यूंचा माग काढला होता. पालथं पाडून पाठीवर वजन देणं कोणत्याही परिस्थितीत नको. छाती, पाठ, पोट, मान यांवर दाब नको. 'बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे' हा समज जीवघेणा आहे. 'श्वास घेता येत नाही' असं तो म्हणाला की त्याच सेकंदाला सोडायचं, नाटक आहे की खरं हे ठरवत बसायचं नाही. धरायची वेळ एकच: कुणाला तरी लगेच गंभीर इजा होणार आहे आणि दुसरा मार्ग उरलेला नाही. खिडकी फुटतेय, शिव्या देतोय, खोलीत जात नाही, यांपैकी एकही कारण चालत नाही. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात घालायचा नाही. धरलंच तर एक माणूस फक्त मुलाच्या चेहऱ्यावर, रंगावर आणि श्वासावर लक्ष ठेवतो, त्याला दुसरं काम नाही. सोडल्यावर वैद्यकीय तपासणी, त्याच दिवशी लेखी नोंद, पालकांना आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेला कळवणं. एकट्याला खोलीत कोंडून ठेवणं ही शिक्षा केंद्रात असूच नये.

पळून जाण्याकडे येऊ. दोन प्रकार असतात: कुणाकडे तरी पळणं आणि कशापासून तरी पळणं. आई, मैत्रीण, जुनी टोळी, नशा हे पहिले. दादागिरी, लैंगिक जबरदस्ती, उधारीचा तगादा, एखाद्या कर्मचाऱ्याची भीती हे दुसरे. कुलूप वाढवल्याने दोन्ही थांबत नाहीत. प्रत्येक मुलाचं एक पान तयार ठेवा: अलीकडचा फोटो, उंची, ओळखखुणा, औषधं, कुठे जाऊ शकतो, कुणाचे नंबर. तो दिसेनासा झाला की इमारत आणि आवार १५ मिनिटांत धुंडाळा आणि मग थेट पोलीस आणि घरी कळवा. 'येईल रात्रीपर्यंत' म्हणून थांबू नका. मुलगा १३-१४ चा असेल, आजारी असेल किंवा कुणी त्याचा गैरवापर करत असल्याचा संशय असेल, तर ती १५ मिनिटंही थांबू नका, शोध आणि फोन एकाच वेळी.

तो परत आला की दारात उलटतपासणी घेऊ नका. 'बरं झालं आलास', जेवण, अंघोळ, जखमा आहेत का ते बघणं, झोप. कुठे होता, कोण बरोबर होतं, हे नंतर, आणि केंद्राबाहेरच्या माणसाने विचारलेलं उत्तम. इंग्लंडमध्ये अशी स्वतंत्र मुलाखत ७२ तासांच्या आत व्हावी असा दंडक आहे. कारण सरळ आहे: मुलगा तुमच्याच केअरटेकरपासून पळाला असेल, तर तो ते तुम्हाला सांगणार नाही. परत आल्यावर जाहीर शिक्षा केली तर पुढच्या वेळी तो परत येणार नाही, एवढंच साध्य होतं.

१२ मुलं एका गटात जास्त होतात. जागा तीच असली तरी सहा-सहाचे दोन गट करा, जेवणाची टेबलं आणि केअरटेकर वेगळे ठेवा. बिघडलेल्या मुलांना बिघडलेल्या मुलांतच ठेवण्याचा धोका जुना आणि सिद्ध झालेला आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ मध्ये सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यासात ५०६ मुलगे होते. निम्म्यांना कित्येक वर्षं मार्गदर्शन आणि मदत मिळाली. सुमारे ३० वर्षांनी संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग घेतला, तेव्हा मदत मिळालेल्यांची स्थिती उलट वाईट निघाली. पुढच्या विश्लेषणात दिसलं की हे नुकसान मुख्यतः एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरांना पाठवलेल्या मुलांमध्ये एकवटलं होतं. मोठ्यांची नजर नसते तेव्हा चोरीचा किस्सा सांगणाऱ्याला हशा आणि टाळ्या मिळतात, आणि तेच त्याचं शिक्षण होतं. म्हणून रिकाम्या वेळात केअरटेकर ऑफिसात नव्हे, मुलांच्यात बसलेला हवा, आणि प्रत्येक मुलाचा आठवड्यातला काही वेळ बाहेरच्या साध्यासुध्या मुलांबरोबर जायला हवा: क्लब, वर्कशॉप, संघ. १३ आणि १७ वयाच्या मुलांना एका खोलीत ठेवू नका. ज्याच्याकडून लैंगिक त्रास झाल्याची पूर्वीची नोंद आहे त्याला स्वतंत्र खोली, पण त्याची फाइल सगळ्यांत चर्चेला नको. मुलांना धाक दाखवणारे तुरुंगदर्शन कार्यक्रम आणि लष्करी थाटाची शिबिरं यांचा विचार करत असाल तर सोडून द्या. पहिल्याने गुन्हे वाढल्याचं दिसलं आहे, दुसऱ्याने एकंदरीत कमी झाल्याचं दिसलेलं नाही.

औषधांचं थोडक्यात: कुलूपबंद कपाट, देताना दोन सह्या, गिळेपर्यंत थांबणं. चूक बहुतेक वेळा शिफ्ट बदलताना होते, दोघेही देतात किंवा कुणीच देत नाही. एकाग्रतेसाठी दिलेलं मिथाइलफेनिडेट दुपारनंतर उशिरा गेलं तर रात्रीची झोप जाते, आणि ही गोळी साठवून विकलीही जाते. आक्रमकता कमी व्हावी म्हणून दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधाने वजन वाढू शकतं, म्हणून त्यावर असलेल्या मुलाचं वजन दर महिन्याला घ्या आणि डॉक्टरांना कळवा. मुलाला गप्प ठेवण्यासाठी औषध वाढवून मागू नका.

कर्मचारी का टिकत नाहीत, याचं उत्तर पगार हे आहेच. पण मार खाल्लेल्या केअरटेकरला दुसऱ्या दिवशी कुणी 'कसा आहेस?' विचारलं का, हेही आहे. प्रत्येकाला दोन आठवड्यांतून एकदा तासभर वरिष्ठांबरोबर बसायला मिळावं, फक्त त्याच्या कामाबद्दल आणि मनस्थितीबद्दल. एका केअरटेकरकडे दोन, फार तर तीन मुलांची खास जबाबदारी द्या: त्याचा दवाखाना, शाळेची बैठक, वाढदिवस, कपडे, घरचा फोन. नव्याने आलेला मुलगा पहिले दोन ते सहा आठवडे अनेकदा गुणी बाळासारखा वागतो आणि मग अचानक सगळं उधळतो. त्या वेळी तो तुम्ही त्याला हाकलता का, हे तपासत असतो. कर्मचाऱ्यांना हे आधी सांगून ठेवलं नाही, तर ते 'उपकार विसरला' म्हणून दुखावतात आणि बदलीची मागणी करतात, आणि मुलाला त्याचं उत्तर मिळतं.

तक्रारीसाठी मुलाला एक रस्ता असा हवा जो अधीक्षकांच्या टेबलावरून जात नाही: बाहेरच्या व्यक्तीचा नंबर, आणि तो लावायला कुणाच्याही परवानगीशिवाय फोन. 'आमच्याकडे तक्रारी येतच नाहीत' असं म्हणणाऱ्या केंद्राकडे मी जास्त काळजीने बघतो.

घरच्यांचं काम पहिल्या आठवड्यात सुरू करा, सोडायच्या महिन्यात नव्हे. भेटीनंतरचा तास मोकळा ठेवा: मैदान, पाणी, जवळ एक माणूस, अभ्यास आणि समुपदेशन त्या दिवशी नको. आईवडिलांना तीन-चार साध्या गोष्टी सरावाने शिकवा: सूचना एका वेळी एक, वादातून बाहेर पडणं, दिलेला शब्द पाळणं, मारणं थांबवणं. घरी जाणं टप्प्याने: आधी अर्धा दिवस, मग एक रात्र, मग दोन, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर दोन्ही बाजूंना विचारा, काय अवघड गेलं. संयुक्त राष्ट्रांची तीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मुलाला घराबाहेर ठेवण्याचा निर्णय शक्यतो दर तीन महिन्यांनी तपासावा. त्या बैठकीत मुलगा स्वतः बसलेला असावा आणि त्याला समजेल अशा भाषेत बोललं जावं. घरी परतणं शक्यच नसेल, तर आत्या, मामा, आजोबा, जुने शिक्षक असं एक तरी माणूस शोधा जे तो १८ चा झाल्यावरही फोन उचलेल.

केंद्रात झालेली सुधारणा घरी गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ओसरण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणून निघण्याच्या दिवशी शाळेचा प्रवेश, औषधांचा महिन्याचा साठा, डॉक्टरांची पुढची तारीख आणि ओळखीचे कागद त्याच्या हातात असले पाहिजेत, नीट बॅगेत. कचऱ्याच्या पिशवीत सामान भरून कुणालाही पाठवू नका. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड फोन, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला घरभेट, पुढे तीन महिन्यांपर्यंत पंधरा दिवसांनी एकदा. फोन त्याच केअरटेकरने करायचा ज्याच्याशी तो बोलायचा. तो नोकरी सोडणार असेल तर जाण्याआधी त्याने दुसऱ्याची ओळख करून द्यावी, आणि हा तासाभराचा वेळ त्याच्या शेवटच्या आठवड्याच्या ड्युटीतच लिहून ठेवा.